अर्धा आरसा तटस्थ नसतो

अंशतः परावर्तन करणारा आरसा प्रकाशाची वाटणी करतो, त्याच्या ध्रुवणाला हात लावत नाही, असे एक मत रूढ आहे. ते अडाण्याचे मत नव्हे. पदवीच्या वर्गाला प्रकाशशास्त्र शिकवणारे कित्येक अध्यापक ते गृहीत धरतात. प्रयोगवह्यांमधून ते पिढ्यान्‌पिढ्या उतरवले जाते. आमच्या भिवंडीत मानकोली-वडप्यापासून पडघ्यापर्यंत पसरलेल्या गोदामांत कन्व्हेअरच्या पट्ट्यांवर सेन्सर बसवणारे तंत्रज्ञही त्याच भरवशावर काम करतात. ध्रुवण पाहायचे ते पोलरॉइडने, म्हणजे एकाच दिशेचे कंपन पार होऊ देणाऱ्या गाळणीने. आरशाने फक्त अर्धा प्रकाश इकडे आणि अर्धा तिकडे धाडायचा, अशी ही कामाची विभागणी आहे. ती सुटसुटीत आहे, लक्षात राहणारी आहे, आणि चूक आहे. चूक एखाद्या कोपऱ्यातल्या तपशिलात नाही. ती पायातच आहे. वाचकाने दोन्ही बाजू ऐकून निवाडा द्यावा, एवढीच विनंती.

पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडणे हे खंडन करणाऱ्याचे पहिले कर्तव्य. तेव्हा प्रतिपक्षाचे म्हणणे असे. अर्धा आरसा म्हणजे काचेवर चांदीचा किंवा अॅल्युमिनियमचा इतका पातळ थर की त्यातून निम्मा प्रकाश आरपार जावा आणि निम्मा परतावा. चांदी ही उत्तम परावर्तक. ती कंपनाच्या दिशेची विचारपूस करत नाही, जे येईल ते जवळजवळ सगळे परतवते. शिवाय आपण वापरतो तो दिव्याचा किंवा सूर्याचा प्रकाश मुळातच अध्रुवित असतो, त्याला ध्रुवणाची दिशाच नाही. मग आरसा बदलणार काय? प्रकाश आरशावर सरळ, लंबरूप पडला तर सगळ्या दिशा सारख्याच होतात, हे तर सममितीवरूनच सिद्ध होते. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे मायकेल्सनचा व्यतिकरणमापक. देशभरातल्या महाविद्यालयांत सोडियमचा दिवा लावून, पंचेचाळीस अंशांत ठेवलेल्या अर्ध्या आरशाने त्याचे दोन भाग करून, विद्यार्थी सुरेख पट्टे पाहतात, त्यावरून तरंगलांबी मोजतात आणि उत्तर बरोबर येते. ध्रुवणाचा उल्लेखही न करता! आरसा खरोखर पक्षपाती असता तर हा प्रयोग शंभराहून अधिक वर्षे बिनतक्रार चालला असता का?

युक्तिवाद ठाशीव आहे. त्यातले एक कलम अर्धे खरेही आहे. त्याची कबुली योग्य जागी देईन.

आधी वादाचा विषय नेमका करू. प्रकाश हा आडवा तरंग आहे. त्याचे विद्युत् कंपन प्रवासाच्या दिशेला लंब असते. अशा कंपनाचे दोन परस्परलंब घटक पाडता येतात. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असतो, तसे हे दोन घटक. दोन्ही मिळून प्रकाशाचा पोत ठरतो. आरसा तिरका ठेवला की या दोन घटकांना नावे मिळतात. येणारा किरण आणि आरशावरची लंबरेषा मिळून जे प्रतल होते ते आपतन प्रतल. त्या प्रतलात कंप पावणारा तो समांतर घटक, त्याला काटकोनात कंप पावणारा तो लंब घटक. प्रश्न एवढाच आहे : तिरका आरसा या दोघांना एकाच मापाने वागवतो का? वागवत असेल तर प्रतिपक्ष जिंकला. नसेल तर ध्रुवण बदललेच पाहिजे, कारण ध्रुवण म्हणजे या दोन घटकांचे परस्परांशी असलेले प्रमाण आणि त्यांच्यातले कलांतर, यापलीकडे दुसरे काहीही नाही.

साक्ष पहिली इतिहासाची. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालुस याने लक्झेंबुर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारा मावळतीचा प्रकाश आइसलँड स्पारच्या स्फटिकातून पाहिला. त्या स्फटिकातून नेहमी दोन प्रतिमा दिसतात. मालुसला आढळले की स्फटिक फिरवला की त्या दोन प्रतिमांची तेजस्विता आळीपाळीने कमी-जास्त होते. परावर्तनाने प्रकाश ध्रुवित होतो हा शोध असा लागला. आता विचार करा, खिडकीची काच म्हणजे काय? थोडा प्रकाश परतवणारी आणि उरलेला आत सोडणारी पृष्ठे. म्हणजे अंशतः परावर्तक आरसाच. ज्या उपकरणाने परावर्तनातून होणारे ध्रुवण जगाला दाखवले, त्याच उपकरणाचा ध्रुवणाशी संबंध नाही असे आज आपण मानतो. १८१५ मध्ये ब्रूस्टरने कोणत्या कोनाला परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो त्याचा नियम दिला. साध्या काचेसाठी तो कोन छपन्न अंशांच्या आसपास येतो. १८२३ मध्ये फ्रेनेलने दोन्ही घटकांच्या परावर्तनाची सूत्रे दिली. गोष्ट तिथेच निकालात निघाली होती. ती पुन्हा उघडी पडली ती आपण आरसा आणि काच यांना निरनिराळ्या प्रकरणांत शिकवू लागलो तेव्हा.

सूत्रांत आकडे घालून पाहू, कारण या वादात विशेषणांनी काही ठरणार नाही. काचेचा अपवर्तनांक १.५ आणि आपतन कोन ४५ अंश घ्या. बहुतेक अर्धे आरसे याच कोनात बसवलेले असतात. काचेच्या एका पृष्ठावरून लंब घटकाचा ९.२ टक्के प्रकाश परततो. समांतर घटकाचा ०.८५ टक्के. फरक थोडाथोडका नाही. एकाला दुसऱ्याच्या जवळजवळ अकरापट वागणूक मिळते. काचेच्या दोन्ही पृष्ठांवरची परावर्तने धरली तरी परतलेला प्रकाश ८२ टक्क्यांच्या आसपास ध्रुवित निघतो, आणि आत जाताना तो पूर्ण अध्रुवित होता हे ध्यानात ठेवा. आरपार गेलेल्या प्रकाशातही सुमारे ८ टक्के ध्रुवण येते, उलट दिशेचे. म्हणजे ‘मुळात ध्रुवणच नाही, मग बदलणार काय’ या कलमाचा निकाल लागला. अध्रुवित प्रकाशात दोन्ही घटक समप्रमाणात असतात. तिरकी काच ते प्रमाण मोडते. जिथे ध्रुवण नव्हते तिथे ती ध्रुवण निर्माण करते.

९.२ टक्क्यांचा वर्ग करून पाहा. ०.०९२ गुणिले ०.०९२ म्हणजे ०.००८५. हा योगायोग नाही. ४५ अंशांच्या कोनात कोणत्याही एकसंध, सपाट पृष्ठावरून समांतर घटकाचे परावर्तन हे लंब घटकाच्या परावर्तनाचा बरोबर वर्ग असते. काच असो, पाणी असो, जाड चांदी असो. फ्रेनेलच्या सूत्रांतून हे शुद्ध बीजगणिताने निघते, आणि प्रकाशशास्त्रातली याच्याइतकी देखणी संबंधरेषा मला क्वचितच आढळली आहे. एखाद्या संख्येचा वर्ग तिच्याएवढाच राहायचा असेल तर ती संख्या शून्य तरी हवी किंवा एक तरी. म्हणजे ४५ अंशांत दोन्ही घटकांना सारखे वागवणारे पृष्ठ दोनच प्रकारचे असू शकते : काहीच न परतवणारे, किंवा सगळेच परतवणारे. मधले कोणतेही पृष्ठ पक्षपाती असलेच पाहिजे. आणि अर्धा आरसा म्हणजे व्याख्येनेच मधला!

इथे सावध प्रतिपक्षी मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, हा नियम एका पृष्ठाचा; अर्ध्या आरशावर तर पातळ थर असतो, त्याला दोन पृष्ठे, आणि त्यांतल्या परावर्तनांचे आपसांत व्यतिकरण होते. मान्य. थर दिला की वर्गाचा नियम जसाच्या तसा राहत नाही. पण प्रत्येक पृष्ठाचे घटकांशी वागणे वेगळेच राहते, आणि वेगळ्या वागण्यांची बेरीज आपोआप समान होत नाही. ती समान करायची असेल तर निरनिराळ्या अपवर्तनांकांचे अनेक थर मोजून-मापून एकावर एक चढवावे लागतात. असे आरसे मिळतात. बाजारात त्यांना ‘नॉन-पोलरायझिंग’ असे वेगळे नाव आहे, त्यांची किंमत चढी असते आणि ते ठरावीक रंगपट्ट्यातच तसे वागतात. अर्धे आरसे मुळातच तटस्थ असते तर हा मुद्दाम तटस्थ केलेला माल विकत कोणी घेतला असता? आणि पक्षपात वाढवत नेऊन त्याच तत्त्वावर दोन्ही घटक जवळजवळ पूर्णपणे वेगळे करणारा घनही बनवता येतो. १९४६ मध्ये मॅकनील याला त्याचे पेटंट मिळाले. थरांनी पक्षपात घटवता येतो, वाढवता येतो. याचा अर्थ तो तिथे असतोच.

मग ‘पन्नास-पन्नास’ या शिक्क्याचे काय? तो शिक्का सरासरीचा असतो. समजा एखादा आरसा लंब घटकाचा ६५ टक्के प्रकाश परतवतो आणि ३५ टक्के आरपार सोडतो. समांतर घटकाचे नेमके उलट, ३५ परत आणि ६५ आरपार. अध्रुवित प्रकाशासाठी हिशेब केला तर निम्मा परत, निम्मा आरपार. शिक्का खोटा नाही. पण या आरशावर लेसरची ध्रुवित शलाका टाका. दिशेनुसार तुम्हाला ६५:३५ मिळेल किंवा ३५:६५, पन्नास-पन्नास मिळण्यासाठी ध्रुवणाची दिशा दोघांच्या बरोबर मध्ये हवी. आणि ती तशी असली तरी परतलेल्या शलाकेचे ध्रुवण सुमारे नऊ अंशांनी लंब घटकाकडे कललेले असेल, आरपार गेलेल्याचे तेवढेच समांतर घटकाकडे. प्रमाण जपले, ध्रुवण बदलले. हा काल्पनिक आरसा पुढे दोनदा कामाला येणार आहे, म्हणून त्याचे आकडे वाचकाने हाताशी ठेवावेत.

आता चांदी. प्रतिपक्षाचा हा सर्वांत भरवशाचा साक्षीदार, आणि तो पूर्ण खोटे बोलत नाही. जाड चांदीच्या बाबतीत दोन्ही घटकांच्या प्रमाणातला फरक खरोखर लहान असतो. ४५ अंशांत लंब घटकाचे ९८ टक्के परतत असतील तर वर्गाच्या नियमाने समांतर घटकाचे ९६. पण ध्रुवण केवळ प्रमाणाने ठरत नाही हे आपण वरच मान्य केले आहे. कलांतराचे काय? धातूत प्रकाश किंचित आत शिरतो आणि मग परततो, आणि या प्रवासात दोन्ही घटकांची कला वेगवेगळी सरकते. चांदीच्या माहीत असलेल्या प्रकाशीय स्थिरांकांवरून लाल प्रकाशासाठी ४५ अंशांत हे जादा कलांतर सुमारे १८ अंश येते. म्हणजे ४५ अंशांत कललेला रेषीय ध्रुवित प्रकाश चांदीवर टाकला तर परतताना तो रेषीय राहत नाही, लंबवर्तुळी होतो. पोलरॉइड कसाही फिरवा, तो पूर्ण विझत नाही. अडीच टक्क्यांच्या आसपास प्रकाश उरतोच. जो आरसा ‘जे येईल ते जवळजवळ सगळे परतवतो’ त्याने रेषेचे लंबवर्तुळ केले, तेही जवळजवळ काहीच न गमावता. प्रकाशाची मोजदाद करणाऱ्याला हे दिसणार नाही. ध्रुवण पाहणाऱ्यालाच दिसेल.

आणि आता मायकेल्सन. या आक्षेपाला मी सर्वांत जास्त मान देतो, कारण तो मोजमापातून आलेला आहे. पण त्या उपकरणात अर्धा आरसा किती वेळा वापरला जातो ते मोजा. एक शलाका आरशावरून आधी परावर्तित होते, दूरच्या आरशावरून परतते आणि मग अर्ध्या आरशातून आरपार जाऊन डोळ्यापर्यंत येते. दुसरी आधी आरपार जाते, परतते आणि मग परावर्तित होते. दोघींच्या वाट्याला एक परावर्तन, एक पारगमन. क्रम वेगळा, गुणाकार तोच. आपल्या ६५:३५ च्या आरशाचा हिशेब मांडा. लंब घटक : ०.६५ गुणिले ०.३५ म्हणजे ०.२२७५, दोन्ही भुजांत. समांतर घटक : ०.३५ गुणिले ०.६५, पुन्हा ०.२२७५, दोन्ही भुजांत. पूर्ण तटस्थ आरशाला ०.२५ मिळाले असते. म्हणजे इतका उघड पक्षपाती आरसा बसवूनही विद्यार्थ्याला दिसणार काय? पट्टे तितकेच स्पष्ट, त्यांच्यातले अंतर तेच, तरंगलांबीचे उत्तर तेच. प्रकाश मात्र नऊ टक्क्यांनी मंद. सोडियमच्या दिव्यासमोर बसून नऊ टक्के मंदपणा कोणाच्या नजरेला कळणार? पट्ट्यांमधून बाहेर न पडता जो प्रकाश दिव्याकडे परत जातो त्यात दोन परावर्तने किंवा दोन पारगमने एकत्र येतात, आणि पक्षपात तिथे वर्ग होऊन बसलेला असतो. पण तिकडे कोणी पाहत नाही.

तात्पर्य, मायकेल्सनचा व्यतिकरणमापक या प्रश्नावर साक्ष देऊच शकत नाही. त्याची रचनाच अशी की आरशाचा पक्षपात दोन्ही भुजांत सारखा वाटला जावा. थर एका बाजूने दिलेला असल्याने दोन्ही बाजूंच्या परावर्तनांतले कलांतर जर दोन घटकांसाठी वेगळे पडले, तर लंब घटकाचे पट्टे आणि समांतर घटकाचे पट्टे एकमेकांवरून किंचित घसरतात आणि स्पष्टता कमी होते. एरवी काहीच नाही. ज्या तराजूत दोन्ही पारड्यांत समान दोष घातला आहे त्यावरून दोष नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. मौन ही संमती नव्हे.

लंबरूप आपतनाबद्दलची कबुली आता देतो. प्रकाश सरळ पडला आणि आरसा सर्व दिशांनी एकसारखा असला, तर दोन्ही घटकांत भेद राहत नाही. हे खरे आहे. पण तिथेही एक बदल होतोच : उजव्या हाताचा वर्तुळी ध्रुवित प्रकाश डाव्या हाताचा होऊन परततो. विद्युत् सदिशाचे फिरणे तसेच राहते, प्रवासाची दिशा मात्र उलटते. सीडी वाचणाऱ्या यंत्रांत हा बदल उपयोगात आणला आहे. लेसरचा प्रकाश ध्रुवणानुसार वाट देणाऱ्या घनातून आणि पाव-तरंग पट्टीतून तबकडीवर सरळ पडतो, परततो, पुन्हा त्याच पट्टीतून जातो, आणि जाता-येता त्याच्या ध्रुवणाची दिशा नव्वद अंशांनी वळलेली असते; म्हणून तो लेसरकडे न जाता घनातून वळून संवेदकाकडे जातो. आणि ‘सर्व दिशांनी एकसारखा’ ही अट तरी कितपत पाळली जाते? जपानमधल्या कामिओका इथल्या भूमिगत काग्रा या गुरुत्वतरंगशोधकात नीलमण्याचे, अतिशीत केलेले आरसे आहेत. त्यांतल्या अंशतः पार होऊ देणाऱ्या आरशांच्या स्फटिकात जागोजागी बदलणारे द्विअपवर्तन, म्हणजे दोन ध्रुवणांसाठी वेगवेगळा अपवर्तनांक, आढळले, आणि सरळ पडणाऱ्या प्रकाशाचाही काही भाग एका ध्रुवणातून दुसऱ्यात गेला. अभियंत्यांना त्याचा हिशेब करावाच लागला.

एक चूक उलट्या बाजूचीही आहे, आणि ती माझ्या बाजूने बोलणारेच करतात. ते म्हणतात, आरशाने ध्रुवण ‘नष्ट’ होते. तेही खरे नाही. चांगल्या, गुळगुळीत थरावर पूर्ण ध्रुवित प्रकाश टाकला तर पूर्ण ध्रुवितच परततो. फक्त त्याची दिशा आणि आकार बदलतो. रेषा कलते, रेषेचे लंबवर्तुळ होते, हात पालटतो. हा बदल नियमाने होतो, म्हणून योग्य पट्ट्या लावून तो उलटवताही येतो. आरसा ध्रुवण पुसत नाही. तो त्याचे रूपांतर करतो. हा फरक न करणाऱ्याला दोष सापडतो आणि उपाय सापडत नाही.

पण या सगळ्याने भिवंडीच्या गोदामात काय बिघडते, असे विचारणाऱ्याला उत्तर देणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. खोकी मोजणारे, थांबवणारे, वळवणारे सेन्सर कन्व्हेअरच्या पट्ट्याच्या एका बाजूला असतात आणि समोर एक लहान परावर्तक. सेन्सरचा लाल प्रकाश पोलरॉइडमधून निघतो, परावर्तकातल्या बारीक घनकोपऱ्यांत तीनदा परावर्तित होऊन आल्या वाटेने परततो, आणि त्या तीन परावर्तनांत त्याचे ध्रुवण बदललेले असते. परतीच्या वाटेवर पहिल्याला आडवा असा दुसरा पोलरॉइड. परावर्तकाकडून आलेला प्रकाश त्यातून काही प्रमाणात पार होतो. चकचकीत खोके मध्ये आले तर त्याच्या सपाट पृष्ठावरून परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवण तसेच राहते आणि तो अडतो. सेन्सरला ‘वाट अडली’ हे कळते. पोलरॉइड नसते तर चकचकीत खोक्यालाच त्याने परावर्तक समजले असते.

यांतल्या काही सेन्सरांत जाणारा आणि येणारा प्रकाश एकाच भिंगातून जातो, आणि त्यांना वेगळे करायला आत ४५ अंशांत अर्धा आरसा असतो. जाताना आरपार, येताना परावर्तित. आता आपला ६५:३५ चा आरसा तिथे ठेवा. जाणारा प्रकाश समांतर घटकात आणि येणारा लंब घटकात ठेवला, तर आरशाकडून ०.६५ गुणिले ०.६५, म्हणजे ४२ टक्के प्रकाश मिळतो. पोलरॉइडची जोडी नव्वद अंशांनी फिरवून बसवली, जाणारा लंब आणि येणारा समांतर, तर ०.३५ गुणिले ०.३५, म्हणजे १२ टक्के. आरसा तोच. दिवा तोच. परावर्तक तोच. साडेतीन पटींचा फरक. तटस्थ आरसा मानणाऱ्याच्या हिशेबात दोन्ही वेळा २५ टक्केच यायला हवे होते. धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी भिंगे मळणाऱ्या आमच्या गावात साडेतीन पट प्रकाश म्हणजे रोज पुसावा लागणारा सेन्सर आणि आठवड्याने पुसला तरी चालणारा सेन्सर यांतला भेद ठरू शकतो. मग ध्रुवण हे एकट्या पोलरॉइडचे काम राहिले का?

इथे थोडे विषयांतर, पण भिवंडीच्या वाचकाला ते जवळचे वाटेल. खोक्यांभोवती ताणून गुंडाळलेल्या पॉलिथिनच्या पातळ आवरणाने हे सेन्सर कधी कधी फसतात, आणि दोष पोलरॉइडला दिला जातो. ताणल्यामुळे पॉलिथिनचे रेणू एका दिशेत लागतात, आवरण द्विअपवर्तक होते आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण वळवते. मग चकचकीत खोकेही परावर्तकासारखे वागते. आमच्या मागांवर चालणारा पॉलिएस्टरचा धागाही असाच ओढून बनवलेला असतो, आणि आडव्या पोलरॉइडांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्यात रंग उमटतात, ते याच कारणाने. ज्या गावाचा पोटापाण्याचा धंदाच असा ताणलेल्या रेणूंवर उभा आहे तिथे ध्रुवण हा पुस्तकातला धडा मानून सोडून देणे मला पटत नाही.

मोठ्या कामांत तर हा वाद कधीच मिटलेला आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची जुन्नरजवळच्या गिरवली इथली २ मीटरची दुर्बीण २००६ पासून काम करते. अशा दुर्बिणीने मोजायचे ते, ताऱ्यांच्या प्रकाशात वाटेवरच्या धुळीमुळे येणारे ध्रुवण बहुधा टक्का-दोन टक्के, कित्येकदा त्याहून कमी असते. अशा मोजमापाच्या वाटेत ४५ अंशांत अॅल्युमिनियमचा एक साधा आरसा ठेवा. लंब घटकाचे ९४ टक्के परतत असतील तर वर्गाच्या नियमाने समांतर घटकाचे ८८, आणि सुमारे ३ टक्के ध्रुवण ताऱ्याच्या नावावर जमा होते, जे ताऱ्याचे नाहीच! म्हणून ध्रुवणमिती करणारी उपकरणे शक्यतो तिरके आरसे टाळून सरळ वाटेवर बसवतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ४ किलोमीटरच्या भुजांचा लायगो-इंडिया हा गुरुत्वतरंगशोधक उभा राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. तोही मुळात मायकेल्सनचाच व्यतिकरणमापक आहे, मध्ये ४५ अंशांतला अर्धा आरसा आहे. पण तिथे सोडियमचा दिवा नाही. १०६४ नॅनोमीटरचा, एका ठरलेल्या दिशेत रेषीय ध्रुवित केलेला लेसर असतो. अर्ध्या आरशाला ध्रुवणाशी देणेघेणे नसते तर ती दिशा आधी ठरवण्याची तसदी कोणी घेतली असती?

ज्याला सूत्रे नकोत त्याच्यासाठी पुरावा घरातच आहे. लाल लेसर पॉइंटर घ्या. त्याचा प्रकाश सहसा रेषीय ध्रुवित असतो. काचेचा एक स्वच्छ तुकडा टेबलावर आपतन कोन साधारण ५५ अंश येईल असा तिरका ठेवून परावर्तित ठिपका भिंतीवर पाडा, आणि पॉइंटर त्याच्या लांबीच्या अक्षाभोवती सावकाश फिरवा. डोळा लेसरच्या वाटेत येऊ देऊ नका. एका स्थितीत ठिपका ठळक असेल, पाव फेरी पुढे तो जवळजवळ नाहीसा होईल, आणि काचेतून पलीकडे गेलेला ठिपका त्याच वेळी थोडा उजळ होईल. मग काचेच्या जागी प्रयोगशाळेतला चांदीचा अर्धा आरसा ४५ अंशांत ठेवा, पॉइंटरचे ध्रुवण मधल्या दिशेला आणा, आणि परतलेल्या शलाकेसमोर पोलरॉइड फिरवून ठिपका पूर्ण विझवून दाखवा.

प्रतिपक्षाला माझे आव्हान याहून सोपे आहे. हवेत ४५ अंशांत ठेवलेला, एकाच थराचा, निम्मा प्रकाश परतवणारा असा एक आरसा त्याने दाखवावा, ज्याचे लंब आणि समांतर घटकांचे आकडे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सारखे आहेत आणि दोघांतले कलांतरही कुठे ढळत नाही. आरसा कोणत्याही कारखान्याचा चालेल, मोजमाप कोणत्याही प्रयोगशाळेचे चालेल.